गोदीतल्या सुतारांची नावं लिहा: मुंबईचा पूर्व किनारा नव्याने घडवणाऱ्यांना खुलं पत्र

मुंबई बंदर प्राधिकरण, नौदल गोदी, मुंबई महानगरपालिका आणि पूर्व किनाऱ्याच्या आराखड्यावर काम करणारे सर्व अधिकारी, अभियंते व वास्तुरचनाकार यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी माझगावची. शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला, आता निवृत्त आहे. आमच्या घरी देव्हाऱ्याखालच्या फळीवर एक वाकस, म्हणजे सुताराचं लाकूड तासायचं हत्यार, ठेवलेली असते. दांडा बदललेला, पातं झिजून अर्ध्यावर आलेलं. दसऱ्याला तिला हळदकुंकू लावून झेंडूचं फूल वाहायचं, हा आमच्या घरचा नेम. ती आजोबांची. आजोबा गिर्ये गावचे. देवगड तालुक्यातलं हे गाव विजयदुर्गाच्या शेजारी आहे. सोळाव्या वर्षी बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरले आणि पुढची सगळी हयात त्यांनी मुंबईच्या गोदीत सुतारकाम केलं. लाकडी जहाजांचा काळ तेव्हा कधीच सरला होता. जिने, दारं, पडावांची दुरुस्ती, मिळेल ते काम त्यांनी केलं. पण ते 'गोदी' म्हणाले की घरातल्या लहानांना विचारावं लागे, कुठली? गावची की मुंबईची? कारण गिर्येलाही गोदी आहे. तिच्याकडे मी पुढे येणारच आहे.

हे पत्र लिहायचं कारण असं. पूर्व किनाऱ्याची जी चित्रं आजवर वर्तमानपत्रांतून पाहिली त्यांत पाण्याकाठची फिरायची वाट आहे, बागा आहेत, हौशी नौकांचा तळ आहे. मला ते सगळं हवं आहे. शिवडीपासून कुलाब्यापर्यंतचं हे पाणी भिंतींच्या आड राहिल्याने या बाजूच्या मुलांना समुद्र म्हणजे गिरगाव चौपाटी एवढंच ठाऊक. भिंती उघडणार असतील तर आनंदच आहे. मात्र त्या उघडल्यावर आत काय होतं हेही लोकांना कळायला हवं. आत एक कारखाना होता. दीडशे वर्षं या काठावर माणसांनी सागाच्या ओंडक्यांतून जगातली उत्तम जहाजं उभी केली. त्या माणसांपैकी आज आपल्याला नावानिशी ठाऊक आहेत ती एका घराण्यातली दहा-बारा. बाकीच्यांची नावं शोधून या काठावर लिहावीत, एवढीच माझी मागणी आहे. ती का करते, ते जरा सविस्तर सांगते.

मुंबईच्या जहाजबांधणीची गोष्ट आपल्याकडे १७३६ पासून सुरू करतात. ती थोडी मागून सुरू करायला हवी. वसईजवळची आगाशी पोर्तुगीजांच्या काळात जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध होती. १६५७च्या ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि त्यानंतर खाडीच्या काठी स्वराज्याची गलबतं बांधायला सुरुवात झाली. त्या कामावर रुई लैतांव व्हिएगस नावाचा एक पोर्तुगीज, त्याचा मुलगा आणि त्यांची बरीच माणसं होती. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना हे खपलं नाही. त्यांनी त्या माणसांची समजूत घातली आणि ती सगळी काम टाकून निघून गेली. आरमार मात्र थांबलं नाही. गुराबा, गलबतं, शिबाडं, मचवे पाण्यात उतरतच राहिले. वर्गात हा भाग आला की मी मुलांना विचारायची, मग पुढची गलबतं कोणी बांधली? पुस्तकात उत्तर नसायचं. मुलं स्वतःच सांगायची: शेजारी उभं राहून ज्यांनी काम शिकून घेतलं, त्यांनी. मला अजून याहून चांगलं उत्तर सापडलेलं नाही.

मुंबई बेट १६६८ साली ईस्ट इंडिया कंपनीकडे आलं. थोड्याच वर्षांत इंग्लंडच्या नामांकित जहाजबांधणाऱ्या घराण्यातला वॉरविक पेट इथे धाडला गेला. तरी मोठं जहाज हवं असलं की कंपनी सुरतेकडेच पाहायची. तापीच्या काठी पारशी कारागिरांच्या पिढ्या या कामात मुरलेल्या होत्या. १७३५ साली तिथे कंपनीसाठी 'क्वीन' नावाचं जहाज बांधलं जात होतं. मुख्य बांधणारे होते धनजीभाई, आणि त्यांच्या हाताखालचा मुकादम लवजी नसरवानजी. मुंबईहून देखरेखीला गेलेल्या डडली नावाच्या अधिकाऱ्याला या मुकादमाचं काम इतकं पसंत पडलं की त्याने मुंबईला चल म्हणून गळ घातली. लवजींनी धनजीभाईंची परवानगी मिळेपर्यंत होकार दिला नाही, असं सांगतात. १७३६ साली ते आपले मोजके सुतार घेऊन मुंबईला आले. पुढे वाडिया नावाने जगाला माहीत झालेलं घराणं ते हेच.

'आपले मोजके सुतार घेऊन.' प्रत्येक लेखात हे चार शब्द येतात आणि वाक्य पुढे निघून जातं. मी मात्र दरवेळी तिथेच थांबते. ते सुतार कोण होते? बायकामुलं बरोबर आणली का? सुरतेचं नांदतं घर सोडून, ताडामाडांच्या आणि दलदलीच्या या बेटावर ते राहिले कुठे? लवजी एकटे आले असते तर मुंबईत गोदी उभी राहिली नसती, एवढं तर नक्की. एकट्या माणसाला जहाज बांधता येत नाही.

लवजींनी आल्यावर जे पाहिलं ते आजही कोणालाही पाहता येईल. भाऊच्या धक्क्यावर अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या पुढच्या दिवशी भरतीला उभं राहा आणि सहा तासांनी ओहोटीला परत या. मुंबईच्या बंदरात मोठ्या उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं आणि तेवढंच उतरतं. पश्चिमेच्या वाऱ्यापासून बेट आडोसा देतं, पाणी खोल आहे, आणि वर हे उधाण. सुकी गोदी बांधायला याहून चांगली जागा नाही. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यायचं, ओहोटीबरोबर पाणी बाहेर जाऊ द्यायचं, दरवाजा लावायचा. उरलेलं पाणी उपसलं की जहाज कोरड्यात टेकूंवर उभं. त्याआधी जहाजाचा तळ साफ करायचा तर ते चिखलात कलंडवावं लागे. पहिली दगडी सुकी गोदी १७५० साली तयार झाली, दुसरी १७६२ च्या आणि तिसरी १७६५ च्या सुमारास. तिन्ही एका रांगेत. त्यांनाच बॉम्बे डॉक म्हणतात. आशिया खंडातल्या सर्वांत जुन्या सुक्या गोद्यांत त्यांची गणना होते आणि आजही नौदल गोदीच्या आवारात, लायन गेटच्या आत, त्या जागच्या जागी आहेत. पुढे १८०७ आणि १८१० मध्ये शेजारी डंकन डॉकच्या दोन गोद्या झाल्या.

मुंबईत मोठी जहाजं या गोद्यांतच बांधली जात आणि उधाणाच्या पाण्यावर तरंगवून बाहेर काढली जात. पंचांगाचा हिशेब मागे नेऊन मी दोन तारखा तपासल्या. 'मिंडेन' हे ७४ तोफांचं जहाज डंकन डॉकमधून १९ जून १८१० रोजी बाहेर पडलं. तेव्हा ज्येष्ठातली पौर्णिमा होऊन दोन-तीन दिवस झाले होते. 'त्रिंकोमाली' १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. तेव्हा भाद्रपदातली अमावास्या नुकतीच सरली होती, नवरात्राचे पहिले दिवस होते. उधाण ऐन अमावास्या-पौर्णिमेपेक्षा त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत अधिक चढतं, हे माझगावच्या कुठल्याही कोळणीला विचारा. इंग्रजांच्या युद्धनौकांचा मुहूर्त असा इथल्या तिथीने ठरत होता. शाळेत असताना हे माझ्या लक्षात आलं असतं तर भूगोल आणि इतिहासाचा तास मी एकत्रच घेतला असता.

'मिंडेन'चं महत्त्व जरा वेगळं आहे. ब्रिटिश आरमाराने आपलं एवढं मोठं, रांगेत उभं राहून लढणारं जहाज ब्रिटनबाहेर बांधून घेतलं ते हे पहिलं. बांधणारे होते लवजींचे नातू जमशेटजी बमनजी. हे जमशेटजी आणि त्यांचे चुलतभाऊ फ्रामजी माणेकजी लहानपणी आजोबांच्या हुकमाने दरमहा बारा रुपयांवर गोदीत साधे सुतार म्हणून राबले होते. हातात वाकस धरल्याशिवाय जहाजावर हुकूम चालवायचा नाही, असा तो घरचा दंडक. खुद्द लवजी १७७४ मध्ये वारले तेव्हा मागे एक घर आणि वीस हजारांहून कमी रुपये होते. अडतीस वर्षं कंपनीची जहाजं बांधलेल्या माणसाची ही शिल्लक. मालकाच्या हाताखालच्या मुख्य माणसाची ही स्थिती असेल तर बारा रुपयेवाल्यांची काय असेल, याचा अंदाज आपण करू शकतो.

कामाबद्दल थोडं सांगते, कारण 'वारसा' म्हटलं की आपण दगडी कमानी आणि घड्याळाचे मनोरे पाहतो, काम पाहत नाही. जहाजाच्या तळाचा जो कणा, त्याला आपल्याकडे पठाण म्हणतात. पठाण घालायचा तोही विधीने. 'त्रिंकोमाली'च्या वेळी १८१६ साली पठाणात कोरीव अक्षरांचा चांदीचा खिळा ठोकला होता, पारशी रिवाजाप्रमाणे. मग पठाणावर दोन्ही अंगांना वांक उभे राहायचे, म्हणजे जहाजाच्या बरगड्या. त्यासाठी सरळ ओंडका चालत नाही. नैसर्गिक वळण असलेलं लाकूड शोधून आणावं लागे, आणि सुतार झाडाकडे पाहून सांगे की यातून कुठला तुकडा निघेल. मग फळ्या. इंग्लंडात फळी फळीला नुसती टेकवून सांध्यात ताग ठासत. सुरतेच्या सुतारांची रीत निराळी होती. दोन्ही फळ्यांच्या कडांना खाचा पाडायच्या, त्या एकमेकींत बसवायच्या, आणि मध्ये राळ-तेलात भिजवलेला कापूस घालायचा. सांधा असा बसे की पाण्याला वाट मिळत नसे. लाकूड सागाचं. सागात तेल असतं, त्यामुळे आत ठोकलेलं लोखंड टिकतं. ओकच्या लाकडात आम्ल असतं, ते लोखंड खातं. मुंबईची जहाजं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

किती टिकली ते पाहा. १८१३ सालच्या 'कॉर्नवॉलिस'वर २९ ऑगस्ट १८४२ रोजी चीनचा नानकिंगचा तह झाला, म्हणजे हाँगकाँग ज्या कागदाने इंग्रजांना मिळालं त्यावरच्या सह्या मुंबईच्या सागवानावर झाल्या. १८२४ सालच्या 'एशिया'वर नव्हारिनोच्या लढाईत इंग्रज सेनापतीचा झेंडा होता. १८१५ सालचं 'वेलस्ली' सव्वाशे वर्षं तरंगत राहिलं आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, जर्मन विमानांच्या बॉम्बहल्ल्यात थेम्स नदीत बुडालं. आणि ती 'त्रिंकोमाली'? ती अजून आहे. इंग्लंडच्या हार्टलपूल गावी तरंगते आहे. तरंगत्या अवस्थेतली ब्रिटनची सर्वांत जुनी युद्धनौका म्हणून लोक तिकीट काढून तिच्यावर चढतात. तिच्या अंगात मूळच्या सागवानाचा बराच भाग अजून तोच आहे. तिचे नकाशे घेऊन इंग्लंडहून निघालेलं 'जावा' नावाचं जहाज १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याबाहेर अमेरिकनांच्या हाती पडलं, म्हणून नकाशे पुन्हा मागवावे लागले. असे कितीतरी तपशील तिच्याबद्दल ठाऊक आहेत. ज्यांनी तिच्या फळ्या तासल्या त्यांच्यापैकी एकाचंही नाव मी आजवर कुठल्या फलकावर वाचलेलं नाही.

जमशेटजींबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. १८०० साली त्यांनी 'कॉर्नवॉलिस' नावाचंच आधीचं एक जहाज बांधलं, आणि आतल्या एका तुळईवर कोणाच्या नजरेला सहज पडणार नाही अशा ठिकाणी कोरून ठेवलं की हे जहाज एका काळ्या माणसाने बांधलं आहे. 'काळ्या'च्या आधी गोऱ्यांच्या तोंडी असलेली शिवीही त्यात होती. बऱ्याच वर्षांनी जहाज दुरुस्तीला परत आलं तेव्हा त्यांनी ते स्वतः दाखवलं. तुळईवर अक्षरं कोरणाऱ्या माणसाला आपलं नाव विसरलं जाईल याची काळजी होती, असं मला वाटतं. आणि ते तर मुख्य बांधणारे. त्यांना इंग्रज आरमाराकडून शाबासकी मिळाली, लंडनमध्ये त्यांचं नाव झालं. जे शिडीवर उभं राहून सांध्यात कापूस ठासत होते, त्यांच्या मनात तेव्हा काय असेल?

या गोष्टीत जंगलही येतं, आणि ते आराखड्यात कधीच येत नाही. साग मलबारहून येत असे. मागणी इतकी वाढली की कंपनीने १८०६ साली कॅप्टन वॉटसन नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला मलबारच्या जंगलांचा मुख्य रक्षक नेमलं. रक्षक म्हणजे झाडांचा मक्ता कंपनीकडे आणि आपल्याच मालकीच्या सागाला हात लावायची स्थानिकांना बंदी. जमीनमालक, व्यापारी, कुळं सगळे इतके पिडले की १८२३ मध्ये ती नेमणूकच रद्द करावी लागली. याच्या शंभर वर्षं आधी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाचा विचार झालेला आहे. साग वगैरे जे लागेल ते हुकमाने परवानगी काढून तोडावं, पण आंबा-फणसाला हात लावू नये, असं ते सांगतात. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पार नाही. आंबा-फणसाचं लाकूड आरमाराला उपयोगी असूनसुद्धा. आमच्या देवगडच्या माणसाला हे वाचून काय वाटतं, हे तुम्हाला समजेल. मुंबईच्या जहाजांचं कौतुक करताना मलबारची ती कुळंही माझ्या डोळ्यांसमोर येतात, आणि ती आपल्या फलकावरही यावीत असं मला वाटतं.

आता गिर्येची गोदी. वाघोटनच्या खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग, आणि किल्ल्यापासून थोडं आत, खडक फोडून केलेली ही गोदी. सुमारे १०९ मीटर लांब. आंग्र्यांची गोदी म्हणतात. लहानपणी मे महिन्यात आम्ही तिच्या काठावर बसून करवंदं खायचो. आजोबा सांगायचे, इथे गलबतं दुरुस्तीला यायची. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज आरमाराचा सेनापती वॉटसन (वरच्या जंगल-रक्षकाहून हा निराळा) आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला तेव्हा तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळून गेलं, बांधायला घेतलेली जहाजंसुद्धा राहिली नाहीत. पेशव्यांनी या कामी इंग्रजांची मदत घेतली होती, हे आपल्याला आजही बोचतं, आणि बोचायलाच हवं. पण माझा प्रश्न सुतारांचा आहे. विजयदुर्गाचे कारागीर त्यानंतर कुठे गेले? पेशव्यांचे आरमारप्रमुख धुळप यांच्या हाताखाली मराठी आरमार पुढेही विजयदुर्गाला होतं, काहीजण तिथे राहिले असणार. काहीजण पोटामागे मुंबईकडे आले असतील का? ज्या गोदीत इंग्रजांची जहाजं बनत होती तिथेच? आमच्या घराण्याची वाट त्याच दिशेने गेली, दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी. म्हणून हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

मुंबईच्या गोदीचा पुढचा प्रवास सर्वांना थोडाफार ठाऊक आहे. १८२९ मध्ये 'ह्यू लिंडसे' ही वाफेची बोट इथे बांधली गेली आणि पुढच्या वर्षी सुएझपर्यंत गेली. वाडिया घराण्यातल्याच अर्देशर कर्सेटजींनी माझगावचं आपलं घर १८३४ मध्ये गॅसच्या दिव्यांनी उजळवलं आणि १८४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झालेले पहिले भारतीय ठरले. लोखंड आलं, सागाची सद्दी संपली. माझगाव डॉकमध्ये आज पाणबुड्या बनतात. माझ्या घराच्या खिडकीतून तिथल्या क्रेन दिसतात, आणि भोंगा झाला की मला बरं वाटतं. काम चालू आहे म्हणून.

माझं मागणं आता नीट मांडते. फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार आहे. कंपनीच्या काळातली दप्तरं तिथे आहेत, त्यात समुद्री खात्याचीही. गोदीचा पगार कंपनी देत होती, आणि कंपनी एक आणासुद्धा कागदावर नोंदवल्याशिवाय देत नसे. कोणाला किती दिवसांची मजुरी दिली, कोण जखमी झाला, कोणाच्या विधवेने अर्ज केला, अशा गोष्टी अशाच दप्तरांतून सापडतात. पूर्व किनाऱ्यावर जो पैसा खर्च होणार आहे त्यातला अगदी थोडा भाग या शोधासाठी बाजूला काढा. चार-पाच तरुण अभ्यासक दोन वर्षं बसले तरी पुष्कळ हाती येईल. त्यांत मराठी, गुजराती आणि कोकणी कानाची माणसं असू द्या. इंग्रज कारकुनाने माझगावचं 'मॅझगॉन' केलं आणि साष्टीचं 'सालसेट'. इथे बांधलेल्या एका युद्धनौकेला तेच 'सालसेट' नाव दिलं होतं, आणि ती साष्टी आहे हे आज कोणाला ओळखू येत नाही. माणसांच्या नावांचं त्याने काय केलं असेल ते ज्याच्या घरात ती नावं अजून ठेवली जातात, त्यालाच कळेल.

ती नावं मग पाण्याकाठच्या वाटेवर लिहा. नव्या भिंतीवर, दगडावर, जशी तुमच्या वास्तुरचनाकारांना सुचेल तशी. प्रत्येक जहाजाचं नाव, पाण्यात उतरल्याची तारीख आणि त्याखाली त्यावर राबलेली सापडतील तितकी माणसं. लवजी आणि जमशेटजी त्यात असू द्या, त्यांचा मान मोठाच आहे. त्यांच्याबरोबरचे 'मोजके सुतार'ही त्याच अक्षरांत असू द्या. या किनाऱ्यावर लोकांच्या तोंडात बसलेलं एक नाव आहे: भाऊ. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य हे तोफगाड्यांच्या कारखान्यातले कारकून. १८४१ मध्ये त्यांनी धक्का बांधला, कारण कोकणात जाणाऱ्या उतारूंना चिखल तुडवावा लागत होता. सरकारी कागदांत काहीही लिहा, लोक भाऊचाच धक्का म्हणतात. नाव दिलं की ते किती टिकतं, याचं उदाहरण तुमच्याच हद्दीत आहे.

नौदल गोदीला एक वेगळी विनंती. सुरक्षेची अडचण मी जाणते. काही वर्षांपूर्वी शाळेच्या मुलांना जुनी गोदी दाखवावी म्हणून मी एका कार्यालयात अर्ज घेऊन गेले होते, उत्तर आलं नाही. त्याबद्दल राग नाही. पण वर्षातून एक दिवस, नौदल दिनाच्या आठवड्यात किंवा 'त्रिंकोमाली' पाण्यात उतरली त्या १२ ऑक्टोबरच्या आसपास, बॉम्बे डॉकच्या काठापर्यंत मुंबईच्या शाळांतली मुलं येऊ शकतील अशी काही सोय करता आली तर पाहा. नोंदणी करून, ओळखपत्रं तपासून, फोन बाहेर ठेवून. त्यांना फक्त भरतीच्या वेळी पाणी गोदीच्या दारापर्यंत चढताना दिसलं, तरी मी या पत्रात जे सांगायचा प्रयत्न केला ते त्यांना पाच मिनिटांत समजेल.

पुराभिलेखागारातल्या कामासाठी माणसं लागतील. जुन्या इंग्रजी हस्ताक्षराचा मला सराव आहे, मोडी हळूहळू वाचता येते. मोबदला नको. सोमवार ते शुक्रवार सकाळी अकरा वाजता मी येऊ शकते. कोणाला भेटायचं तेवढं कळवावं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
माझगावची एक निवृत्त शिक्षिका